इंग्लंडमधल्या जंगलात मेटल डिटेक्टर: जुनी नाणी कुठे शोधायची, कशी काढायची आणि कुठे थांबायचं?

ओकाखाली

नमस्कार मंडळी. हॅम्पशायरमध्ये एका शेतकऱ्याने त्याच्या शेतात आणि शेताला लागून असलेल्या बारा-एक एकर जंगलात डिटेक्टर चालवायची परवानगी दिली आहे. नांगरलेल्या रानात कसं फिरायचं याची माहिती भरपूर मिळते, जंगलाबद्दल मात्र फारसं कोणी लिहीत नाही. जंगल ओक आणि हेझलचं आहे. उत्तरेच्या कोपऱ्यात पाइन लावलेत, कडेने मातीचा एक बुटका बांध आहे आणि मधून एक खोलगट जुनी वाट जाते.

मशीन नोक्टा सिम्प्लेक्स, १२ किलोहर्ट्झ, सोबत आलेली ११ इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची तबकडी). पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) आहे. अडचणी अशा:

१. एवढ्या जंगलात सुरुवात कुठून करायची?
२. खिळे, काडतुसांची पितळी बुडं आणि चॉकलेटच्या चांद्या यांच्या गर्दीत नाण्याचा सिग्नल ओळखायचा कसा?
३. मुळांच्या जाळ्यात खणायचं कसं, झाडाला इजा न करता?
४. एकाच खड्ड्यातून दुसरं नाणं आलं तर पुढे काय करायचं?
५. सापडलेली नाणी साफ कशी करायची, आणि सुट्टीत पुण्याला दाखवायला नेली तर चालतं का?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

केंटकर

पहिल्या प्रश्नाआधी परवानगीचं बघू. ती कागदावर घ्या. शेताचं आणि जंगलाचं नाव, कोणत्या तारखेपर्यंत, सापडलेल्या वस्तूंचा वाटा कसा (बहुधा निम्मा-निम्मा), आणि एकटंदुकटं नाणं कोणी ठेवायचं, हे चार मुद्दे त्यात हवेत. तुमचा शेतकरी कूळ असेल तर मूळ मालकाचीही सही लागते. हे लोक विसरतात आणि पुढे चांगली वस्तू निघाली की भांडण होतं. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घ्या. त्यात १ कोटी पौंडांपर्यंतचा तृतीय पक्ष विमा असतो.

मग सरकारी 'मॅजिक' नकाशा उघडा आणि तुमचं जंगल शोधा. त्यात तीन गोष्टी तपासायच्या: संरक्षित स्मारक, एसएसएसआय (निसर्गाच्या दृष्टीने संरक्षित जागा), आणि प्राचीन वनाची नोंद. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत लेखी संमतीशिवाय डिटेक्टर चालवणं हा १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, शेतकऱ्याने हो म्हटलं असलं तरीही. एसएसएसआय असेल तर नॅचरल इंग्लंडची संमती लागते. प्राचीन वन म्हणजे १६०० सालापासून सलग जंगल असलेली जमीन. तिथे डिटेक्टरला सरसकट बंदी नाही, पण चारशे वर्षांत तिथे कोणी नांगर घातलेला नसतो आणि हीच जंगलातली सर्वांत मोठी बाब आहे. शेतातलं नाणं नांगराने शंभर वेळा इकडचं तिकडे केलेलं असतं. जंगलातलं नाणं जिथे पडलं किंवा पुरलं तिथेच असण्याची शक्यता खूप. त्यामुळे ते कुठे, किती खोल आणि कशाच्या शेजारी होतं, ही माहिती नाण्याइतकीच मोलाची आहे. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

आता कुठून सुरुवात करायची. घरी बसून दोन संध्याकाळी घालवा, रानातले दोन आठवडे वाचतील.

एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा लायडार डेटा (विमानातून लेझरने केलेली जमिनीची मोजणी) फुकट मिळतो. त्यातला 'डीटीएम' थर घ्या. त्यात झाडं गाळून फक्त जमिनीचा उंचसखलपणा उरतो. बांध, खोलगट वाटा, कोळशाच्या भट्ट्यांचे सपाट चौथरे, करवतीचे खड्डे, हे सगळं पालापाचोळ्याखालीही दिसतं. समांतर वरंबे आणि सऱ्या दिसल्या तर ते आजचं जंगल मध्ययुगात शेत होतं. असा तुकडा हाताशी असेल तर तिथूनच सुरुवात करा, कारण शेतात माणसांचा वावर जंगलापेक्षा कितीतरी जास्त आणि खतासोबतही बारीकसारीक वस्तू तिथे येऊन पडत.

मग नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे आजच्या उपग्रह चित्राशेजारी ठेवून बघा (नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचेही नकाशे आहेत). आता नसलेली पायवाट, फाटक, विहीर, झोपडी यांच्या जागा टिपून घ्या. १८४० च्या आसपासचे टाइद नकाशे (चर्चला द्यायच्या कराच्या आकारणीसाठी काढलेले) मिळाले तर शेतांची नावंही वाचा. नावात 'किल्न' (भट्टी) किंवा 'चॅपल' (छोटं चर्च) असलेलं शेत जंगलाला चिकटून असेल तर ती कड नीट फिरायची.

तुमच्या वर्णनातली खोलगट वाट ही सर्वांत चांगली खूण आहे. शतकानुशतकं गाड्या, जनावरं आणि पावसाचं पाणी यांनी ती खचलेली असते. वाटेच्या तळाशी फार वेळ घालवू नका, तिथली माती वाहून गेलेली असते. दोन्ही काठांवर दोन-तीन मीटरचा पट्टा, वाट चढणीला लागते ती जागा, दोन वाटा मिळतात ती जागा आणि उताराच्या पायथ्याला जिथे गाळ पंख्यासारखा पसरून साचतो तो भाग, या क्रमाने जा. कडेचा बुटका बांध म्हणजे बहुतेक जंगलाची जुनी सरहद्द, बाहेरच्या अंगाला चर असेल. बांधात जिथे खिंड आहे तिथे फाटक होतं. खिंडीच्या आतबाहेर पाच-सहा मीटर बारकाईने फिरा. बांधाच्या अंगावर मात्र खणू नका. तो स्वतःच पुरातत्त्वीय अवशेष आहे.

लोहचुंबक

केंटकरांशी पूर्ण सहमत. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं मी घेतो.

कॉइल बदला. ११ इंची कॉइल खुल्या शेतासाठी चांगली. जंगलात ती झाडांच्या बुंध्यांना, हेझलच्या फुटव्यांना आपटत राहते आणि प्रत्येक धक्क्याला खोटा आवाज येतो. शिवाय मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी तीन खिळे आणि एक नाणं येतं, मग मशीन लोखंड सांगते आणि नाणं झाकलं जातं. ६ ते ९ इंचांतली कॉइल घ्या. दोन-चार सेंटीमीटर खोली कमी होईल, पण खिळ्यांच्या मधलं नाणं सुटं ऐकू येईल. जंगलात खोलीपेक्षा हे सुटं ऐकू येणं जास्त कामाचं.

सेटिंग:

ग्राउंड बॅलन्स (मशीनला तिथल्या मातीशी जुळवून घेणं) आधी, आणि जागा बदलली की पुन्हा. धातू नसलेल्या जागी कॉइल जमिनीपासून ५ ते २५ सेंटीमीटर वर-खाली हलवत राहायचं, आवाज स्थिरावेपर्यंत. ओकाखाली केलेला बॅलन्स पाइनखाली चालेलच असं नाही. काळ्या मातीचा पाच ते नऊ मीटर व्यासाचा सपाट चौथरा लागला आणि मशीन अचानक बडबडू लागली तर ती कोळशाची जुनी भट्टी आहे. भाजलेल्या मातीतलं लोह चुंबकीय होतं, म्हणून हा गोंधळ. तिथे सेन्सिटिव्हिटी वाढवून उपयोग नाही. चौथरा सोडून कडेने फिरा.

सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवू नका. कॉइल जमिनीवर स्थिर धरून मशीन गप्प होईपर्यंत कमी करा. विजेच्या तारा जवळ असतील तर आणखी एक-दोन पायऱ्या खाली.

डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज गाळण्याची सोय) जवळजवळ शून्य, फक्त लोखंडाचा आवाज बारीक करा. लोखंड पूर्ण बंद केलं की मशीन शांत होते आणि छान वाटतं, पण खिळ्याशेजारच्या नाण्याचा तुटका आवाजही त्यासोबत जातो. लोखंडाची गुरगुर कानावर असू द्या. त्या गुरगुरीत एखादा स्वच्छ 'टिंग' आला की थांबायचं. शिवाय लोखंडाची दाटी कुठे आहे यावरून जुनी झोपडी किंवा फाटक कुठे होतं ते कळतं.

आता नाणं की कचरा. सिग्नल आला की ९० अंशात वळून दुसऱ्या बाजूने कॉइल फिरवा. आडवं पडलेलं गोल नाणं दोन्ही बाजूंनी एकाच जागी, एकाच आकड्याने (मशीनच्या पडद्यावर धातूनुसार दिसतो तो) बोलतं. खिळा एका बाजूने उंच आवाज देतो, दुसऱ्या बाजूने गुरगुरतो किंवा जागा बदलतो. मोठं लोखंड, म्हणजे नाल किंवा कुऱ्हाडीचं पातं, फसवा उंच आवाज देतं. तिथे पिनपॉइंट केलं की मध्य आवाजाच्या जागेपासून बाजूला सरकलेला दिसतो. कॉइल हळूहळू वर उचला. नाण्याचा आवाज दहा-पंधरा सेंटीमीटरवर विरतो, डब्याचा तीस सेंटीमीटरवरही ठणठणीत राहतो.

काडतुसाच्या पितळी बुडांवर मात्र उपाय नाही. ती गोल, पितळी आणि उथळ असतात, मशीनच्या दृष्टीने ती नाणीच. फेझंट पक्ष्यांच्या शिकारीच्या जंगलात ती शेकड्यांनी मिळतात. एका ठरावीक आकड्यावर सलग दहा बुडं निघाली की तो आकडा सोडून द्यायचा मोह होतो. सोडू नका. मध्ययुगीन पेनीचा कापलेला पाव तुकडा (तेव्हा सुटे पैसे म्हणून पेनी क्रॉसच्या रेषेवर कापत) आणि बारीक सोन्याचं नाणं चॉकलेटच्या चांद्या आणि बुडांच्याच आकड्यांत बोलतं. आकडा धातूबरोबर आकारावरही ठरतो. पातळ आणि लहान वस्तूचा आकडा खाली येतो, मग ती शुद्ध चांदी का असेना. त्यामुळे जागा चांगली असेल तर मधले सगळे आकडे खणा. जागा सुमार असेल तर तिथे वेळ घालवू नका. आकडे गाळण्यापेक्षा जागा गाळणं बरं.

कान तयार करायला घरामागे चाचणी घ्या, पण आजची चिल्लर वापरताना जपून. ब्रिटनची १ आणि २ पेन्सची नाणी १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, आणि अलीकडची ५ आणि १० पेन्सची निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची. ती वेडेवाकडे आकडे देतात. १९९२ आधीचे २ पेन्स ब्राँझचे, ते चालतील. त्यापेक्षा लिलावातून एखादी झिजलेली, खरी हातोडी-छापाची पेनी स्वस्तात घ्या आणि कॉइलखालून सगळ्या दिशांनी फिरवून आवाज पाठ करा.

चाल सावकाश. कॉइल जमिनीला समांतर, पाचोळ्याला घासून, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढलेला. झाडांमध्ये सरळ रेषा जमत नाही, म्हणून सुतळीने दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखा, एकदा उत्तर-दक्षिण आणि एकदा पूर्व-पश्चिम फिरा, मग पुढचा चौकोन. एका दिवसात दोन-तीन चौकोन नीट झाले तर पुरे.

खणणं. गवतात तीन बाजूंनी कापून झाकणासारखी ढेप उलटवतात, जंगलात तसं करू नका. आधी हाताने पाचोळा एका बाजूला सारा आणि पुन्हा कॉइल फिरवा. बरेचदा वस्तू पाचोळ्यातच असते आणि खणायची गरजच उरत नाही. मग पिनपॉइंटरने जागा पक्की करा आणि दातेरी कडेच्या हातखुरप्याने वीतभर रुंदीचा खड्डा घ्या. फावडं जंगलात आणूच नका. खुरपं सिग्नलच्या मध्यावर कधीच नाही, चार बोटं बाहेरून. नाण्यावर खुरप्याची रेघ उठली की ती कायमची. माती फडक्यावर काढा, म्हणजे परत भरताना कण न कण जातो.

पेन्सिलपेक्षा जाड मूळ कापायचं नाही. बाजूने हात घालता आला तर घाला, नाहीतर सोडून द्या. झाडाच्या बुंध्यापासून दोन मीटरच्या आत मी खणूच नका असं सांगेन. अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात. बॅजरच्या बिळांच्या आसपास तर फिरकूही नका, १९९२ च्या कायद्याने ती संरक्षित आहेत.

खोलीची मर्यादा: पाचोळा, त्याखालची काळी कुजकट माती आणि त्याखाली थोडंसं, मिळून पंधरा ते वीस सेंटीमीटर. तुमच्या मशीनला पेनीएवढं नाणं त्याहून खोल तसंही नीट ऐकू येणार नाही. मातीचा रंग अचानक बदलला, खापराचे तुकडे आले, कोळसा आला, तर थांबा.

पाइनच्या कोपऱ्याबद्दल: तिथली माती आम्लधर्मी असते, गांडुळं कमी. गांडुळं माती वर आणून टाकतात म्हणून नाणी हळूहळू खाली जातात. ती नसतील तर नाणं उथळच राहतं. तांब्याची नाणी मात्र अशा मातीत खाऊन निघतात, नुसता हिरवा-तपकिरी चकतीचा आकार उरतो. चांदी टिकते.

आणि एक गंभीर सूचना. दक्षिण इंग्लंडच्या जंगलांत १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेआधी सैन्याच्या छावण्या होत्या. हातबॉम्ब, तोफगोळा किंवा न फुटलेल्या मोठ्या काडतुसासारखं काही दिसलं तर हात लावायचा नाही, उचलायचं नाही, खड्डा बुजवायचाही नाही. जागेची खूण करून लांब व्हा आणि ९९९ लावा.

टाकसाळ

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

एकाच खड्ड्यातून किंवा हातभर अंतरातून दुसरं जुनं नाणं आलं की खणणं बंद. कायदा आधी समजून घ्या. इंग्लंड आणि वेल्ससाठीचा ट्रेझर अ‍ॅक्ट १९९६ चा, लागू झाला सप्टेंबर १९९७ मध्ये. एकाच साठ्यातली दोन किंवा जास्त नाणी, सापडतेवेळी किमान ३०० वर्षं जुनी आणि १० टक्के किंवा अधिक सोनं-चांदी असलेली, म्हणजे 'ट्रेझर'. सोनं-चांदी त्याहून कमी असेल, उदाहरणार्थ रोमन तांब्याची नाणी, तर किमान दहा हवीत. साठा एकाच दिवशी सापडायला हवा असं नाही. आज एक पेनी आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी दुसरी, तरी तो एकच साठा ठरू शकतो. म्हणून पहिल्या नाण्याचीही जागा नोंदवलेली हवी.

भोक पाडून किंवा कडी लावून दागिना केलेलं नाणं वस्तू म्हणून धरलं जातं. ते ३०० वर्षांहून जुनं आणि सोन्या-चांदीचं असेल तर एकटंही ट्रेझर. शिवाय ३० जुलै २०२३ पासून आणखी एक वर्ग आला आहे: २०० वर्षांहून जुनी, धातूचा अंश असलेली आणि इतिहासाच्या दृष्टीने असाधारण महत्त्वाची वस्तू.

सापडल्यापासून, किंवा ती ट्रेझर असावी हे लक्षात आल्यापासून, १४ दिवसांत कॉरोनरला (अशा प्रकरणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायचं. प्रत्यक्षात तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला कळवलं की ते पुढचं करतात. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (सापडलेल्या वस्तूंच्या ऐच्छिक नोंदणीची योजना) संकेतस्थळावर त्यांचा पत्ता मिळतो. पावती घ्या. संग्रहालयाला हवं असेल तर समिती किंमत ठरवते आणि ती रक्कम सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी वाटली जाते. कोणत्याच संग्रहालयाला नको असेल तर वस्तू परत मिळते. न कळवणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. लपवून विकलं तर चोरीची कलमं लागतात. २०१५ मध्ये हियरफर्डशरमध्ये सापडलेला व्हायकिंग काळातला साठा लपवणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये अनेक वर्षांच्या शिक्षा झाल्या. त्या साठ्यातली बहुतेक नाणी आजही सापडलेली नाहीत, हे नुकसान कुठल्याही शिक्षेने भरून येणारं नाही.

थांबायचं का, तर फ्रोमचं उदाहरण बघा. एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना शेतात मडक्याचं तोंड आणि रोमन नाणी लागली. त्यांनी खड्डा बुजवला आणि अधिकाऱ्यांना कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी मडकं थराथराने उकललं. ५२,५०३ नाणी. त्यातली सम्राट कॅरॉसियसची, म्हणजे सर्वांत उशिराची नाणी मडक्याच्या वरच्या थरात नव्हती, बरीच खाली होती. वर्षानुवर्षं थोडं थोडं टाकत गेले असते तर ती वर असती. म्हणजे साठा एकाच वेळी पुरला गेला असणार. मडकं घाईने उपसलं असतं तर नाणी मिळाली असती, पण हे कधीच कळलं नसतं. तुमच्या जंगलात नांगर फिरलेला नसेल तर तिथे अशी माहिती शाबूत असण्याची शक्यता शेतापेक्षाही जास्त.

दुसरं नाणं आल्यावर हातात काय काय हवं ते एका दमात सांगतो: खड्ड्याचा वरून फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून, खोली, जीपीएसवरून किमान आठ आकडी आणि शक्यतो दहा आकडी ग्रिड संदर्भ, म्हणजे ब्रिटिश नकाशावरचा जागेचा क्रमांक (आठ आकडी म्हणजे १० मीटरपर्यंत, दहा आकडी म्हणजे १ मीटरपर्यंत अचूक), प्रत्येक नाणं वेगळ्या पिशवीत क्रमांक घालून. मग माती परत भरा, पाचोळा पसरा, खुणेचं काही वर ठेवू नका. जागेचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. रात्री चोरून खणणारे लोक तेच शोधत असतात.

एकटं नाणं ट्रेझर नसलं तरी ऑफिसरला दाखवा, नोंद होते आणि ओळखही पटते. तोवर प्राथमिक ओळख अशी. पातळ, १८-१९ मिलिमीटरची, साधारण १.४ ग्रॅमची चांदीची पेनी असेल तर मागचा क्रॉस बघा. क्रॉस आतल्या वर्तुळात संपत असेल तर ११८० ते १२४७ मधली. दुहेरी रेषेचा क्रॉस कडेपर्यंत जात असेल तर १२४७ ते १२७९. एकेरी, जाड क्रॉस कडेपर्यंत आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन ठिपके असतील तर पहिल्या एडवर्डच्या १२७९ च्या सुधारणेनंतरची. राणीच्या डोक्यामागे गुलाब आणि मागे साल असेल तर पहिल्या एलिझाबेथची, बहुधा सहा किंवा तीन पेन्सची, १५६१ पासून पुढची. जाड, जड, ३६ मिलिमीटरचं तांब्याचं नाणं १७९७ ची 'कार्टव्हील' पेनी, बर्मिंगहॅमच्या सोहो टाकसाळीतली. याच टाकसाळीने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठीही तांब्याची नाणी पाडली होती. व्हिक्टोरियाची अंबाडा घातलेली ब्राँझ पेनी १८६० ते १८९४. आणि राजाच्या चित्राचं पांढरं नाणं १९२० आधीचं असेल तर ९२.५ टक्के चांदी, १९२० ते १९४६ मध्ये ५० टक्के, १९४७ पासून शून्य.

तांब्याभांडं

साफसफाईचं मी लिहिते. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना लावतो ते काहीही नाण्याला लावायचं नाही. चिंच, लिंबू, पितांबरी, रांगोळी, राख, सगळं वर्ज्य. चिंच-लिंबातलं आम्ल वरचा हिरवा-तपकिरी थर काढतं, आणि नाण्यावरचा चेहरा आणि अक्षरं बरेचदा त्या थरातच उरलेली असतात. खालचा मूळ धातू तोवर खाल्ला गेलेला असतो. चकचकीत होतं ते सपाट तांबं.

चांदी: डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला. माती आपोआप सुटते. नंतर मऊ फडक्याने टिपा, चोळू नका. अंगठ्याने पुसायची सवय तर अगदी सोडा, कारण मातीतली वाळू चांदीवर ओरखडे काढते. रानात सापडल्यावर नाणं खिशात न टाकता थोड्या ओल्या मातीसकट छोट्या डबीत ठेवा.

तांबं, ब्राँझ: भिजवू नका. सावलीत हळूहळू सुकू द्या, मग भिंगाखाली बांबूच्या काडीने सुटी माती उचला. काडी आडवी धरायची, टोचायची नाही. इंटरनेटवर ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने बुडवायचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका. तेलातली आम्लं तांबं खातात. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी डागाडागांनी येत असेल तर तो ब्राँझचा रोग आहे. क्लोराइड आणि दमटपणा मिळून तो पसरतो. ते नाणं लगेच वेगळं करा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि संवर्धकाला दाखवा.

पिशव्या पॉलिथीनच्या घ्या. मऊ पीव्हीसीच्या अल्बममध्ये ठेवली तर काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. आणि ट्रेझर ठरू शकेल असं काही असेल तर काहीच साफ करू नका, मातीसकट द्या. मातीला चिकटलेला कापडाचा किंवा चामड्याचा धागा म्हणजे नाणी थैलीत होती याचा पुरावा.

सह्यपायथा

छान धागा. एक उपप्रश्न: हेच मशीन गावी आणून कोकणातल्या आमच्या खासगी रानात चालवलं तर? जमीन आमचीच, सातबारा आमच्या नावावर.

दप्तरदार

सातबारा नावावर असला म्हणून जमिनीतलं धन तुमचं होत नाही. भारतात १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, किती, कुठे, कधी. वस्तू कोषागारात जमा करायची किंवा हमी द्यायची. मग जाहीर सूचना निघते, चार ते सहा महिन्यांनंतरच्या तारखेला दावेदारांना बोलावतात. शंभर वर्षांच्या आत पुरलेलं आणि दावेदार असेल तर प्रश्न दिवाणी न्यायालयात जातो. बेवारस ठरलं आणि जमीनमालक वेगळा असेल, आपसात करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचं आणि एक चतुर्थांश मालकाचं. सरकारला हवं असेल तर धातूची किंमत अधिक एक पंचमांश देऊन ते घेऊ शकतं. न कळवल्यास वाटा जप्त, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

पण हे अपघाताने सापडलेल्या धनाचं झालं. मशीन घेऊन मुद्दाम शोधायला जाणं वेगळं. संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खणता येत नाही, आणि केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरचा निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटरचा नियंत्रित पट्टा आहे. आपले बरेच गड केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षणात आहेत. राखीव जंगलात जमीन उकरणं हा वन कायद्याचा भंग, अभयारण्यात तर प्रवेशालाही परवानगी लागते. तुमच्या रानाला लागून देवराई असेल तर तिथे पाऊलही टाकू नका. देवाला वाहिलेलं नाणं उचलणं गावाला कधीच रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे.

मुळात इथे इंग्लंडसारखी ऐच्छिक नोंदणीची योजना नाही. तुम्ही काढलेल्या शिवराईची जागा, खोली, शेजारचं खापर टिपून घ्यायला कोणी अधिकारी नेमलेला नाही. ती शिवराई बाजारात गेली की हजारो शिवरायांतली एक होते. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याला लोक रात्री टॉर्च लावून मोगली नाण्यांसाठी शेतं उकरत होते. तिथली माती आता कोणाला काही सांगू शकणार नाही. माझं स्पष्ट मत: मशीन इंग्लंडलाच ठेवा. नांगरताना किंवा विहीर खणताना काही निघालं तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा आणि पोच घ्या.

आणखी एक. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांच्या पेटीतली शिवराई लंडनला नेऊन दाखवायचा विचार असेल तर फोटो न्या.

ओकाखाली

सर्वांचे मनापासून आभार. छोटी कॉइल मागवतो आणि लायडार बघायला घेतो. निर्यातीचं आणि हंगामाचं कोणी सांगेल का?

केंटकर

ब्रिटनच्या जमिनीतून निघालेली ५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर न्यायची तर निर्यात परवाना लागतो, किंमत कितीही कमी असो. चार दिवसांसाठी दाखवायला म्हणून नेण्यातही काही अर्थ नाही, परतताना भारतीय विमानतळावर ते नाणं पुण्याहून आणलेलं नाही हे सिद्ध करत बसावं लागेल. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो, वजन आणि व्यास एवढं पाठवलं की पुण्यातला जाणकारही ओळख सांगेल.

हंगाम नोव्हेंबर ते डिसेंबरअखेर उत्तम. ब्रॅकन (नेच्याची उंच झुडपं) तोवर आडवं झालेलं असतं आणि कॉइल जमिनीला लागते. जानेवारीपासून ब्लूबेल या रानफुलाचे कोंभ वर येऊ लागतात. त्यांचे कंद साधारण तुम्ही खणाल त्याच खोलीवर असतात आणि पाय पडलेली पानं पुन्हा उभी राहत नाहीत. ब्लूबेलचा गालिचा असलेला भाग जून संपेपर्यंत सोडा. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात, तेव्हा शेतातच राहा. फेझंटच्या शिकारीचे दिवस १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी, म्हणजे तुमचाच हंगाम. तेव्हा कोणत्या दिवशी बंदुका असतील ते शेतकऱ्याला आदल्या दिवशी विचारून मगच जा. गोचिडींसाठी पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यांमागे आणि काखेत बघा. चावल्यानंतर गोल लाल चट्टा पसरत गेला तर लाइम रोगाची शंका घेऊन लगेच डॉक्टरकडे जायचं.

कॉइल आली की आधी खिंडीच्या आतल्या बाजूचा एक चौकोन करा आणि निघालेल्या सगळ्या वस्तूंची, बुडं आणि खिळ्यांसकट, यादी इथे टाका. त्यावरून पुढचा चौकोन कुठे घ्यायचा ते सांगता येईल.